पल्याडचा होकार

मुलांनो, आधी एक नदी मनात आणा. फार मोठी नको. या काठावरून कुणी पोटापासून हाक मारली, तर त्या काठावर भात लावणाऱ्या माणसाने कंबर सरळ करून इकडे बघावं, एवढीच. भरतीला फुगणारी आणि ओहोटीला मधोमध वाळूचं बेट उघडं टाकणारी. आली डोळ्यांसमोर? आता तिच्या दोन्ही काठांवर एकच गाव वसवा. नाव एक, देवी एक, आणि लग्नंही याच्या घरातून त्याच्या घरात. मग त्या पाण्यावर एक रेघ ओढा.

पाण्यावर रेघ ओढता येत नाही म्हणता? तुम्हाला येत नसेल, मोठ्या माणसांना येते. पूर्वी त्या रेघेच्या अल्याड सावंतांचं राज्य होतं आणि पल्याड पोर्तुगीजांचं. आता अल्याड एक राज्य आहे आणि पल्याड दुसरं. राज्यकर्ते बदलले, रेघ मात्र आहे तिथेच राहिली. त्या गावाचं नाव मालणें.

ती नदी तशीच मनात असू द्या आणि आता माझ्याबरोबर सौदीतल्या कतीफला चला. शहराबाहेर खजुरीच्या बागा आहेत. त्या बागांमध्ये उंच भिंती घातलेल्या जागा शुक्रवारपुरत्या भाड्याने मिळतात. इथे त्यांना इस्तराहा म्हणतात. दोन खोल्या, थोडी हिरवळ आणि मध्ये पोहायचा लांबट तलाव. जानेवारीतला शुक्रवार होता, पोहण्याइतकी ऊब नव्हती. तलावाच्या एका बाजूला सतरंजी घालून अख्खं परब कुटुंब बसलं होतं. दुसरी बाजू रिकामी होती. तिथे फक्त इस्तराहाचा राखणदार सिराजुद्दीन पाइपाने फरशी धूत होता.

रेवा आजीच्या पुढ्यात मांडी घालून बसली होती. मांडीवर ताट, ताटात नारळ, नारळाची शेंडी आजीकडे. परबांच्या घरात गाऱ्हाण्याचा नारळ धरायचा मान घरातल्या सगळ्यात लहान मुलीचा. रेवा दहा वर्षांची, जन्म दम्माममधला. मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर मात्र शाळेतल्या भाषेत यायचं.

"आजी, माय फूट इज स्लीपिंग."

"झोपांदे," मधुमतीआजी म्हणाली. "नारळ झोपता नये."

गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकाने उभं राहून देवीला मोठ्याने सांगायचं. काय झालं, काय हवं, काय कबूल आहे. प्रत्येक वाक्यानंतर ऐकणाऱ्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. शेवटी नारळ फुटला की बोललेलं ते पक्कं झालं. मग त्यातून मागे फिरता येत नाही. मालणें गावात देवळाचा दगडसुद्धा गाऱ्हाण्यावाचून हलत नाही. आणि गाऱ्हाणं घालायचा मान परबांच्या थोरल्याचा.

तो थोरला म्हणजे गुरुनाथ. रास तनुऱ्याच्या तेल कारखान्यात केस पांढरे झालेला इंजिनियर. तो तलावाकाठी उभा राहून फोन एका खांबाला टेकवत होता. फोनमध्ये गाव दिसत होतं. तिकडे दिवेलागण झाली होती. देवळाच्या पायरीपाशी गावाचा इतिहास कोरायला आणलेला एक काळा दगड आडवा ठेवलेला, अजून कोरा. त्याच्या शेजारी गुरुनाथचा चुलतभाऊ अरविंद, देवस्थान कमिटीचा अध्यक्ष, मफलर गुंडाळून बसलेला.

"दादा, पाथरवट उद्या सकाळी छिन्नी लावणार," अरविंद म्हणाला. "आज नारळ फुटला म्हणजे झालं. दगडाच्या तळाशी तुझं नाव येतंय हं. इतिहासलेखन: गुरुनाथ परब."

गुरुनाथने मान हलवली आणि फोन खांबाला आणखी नीट टेकवला. पुढच्या महिन्यात त्याची कायमची रवानगी होती. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, परत द्यायचा, सही करायची, विमानात बसायचं. इतकी वर्षं जिथे घाम गाळला तिथे मागे त्याच्या नावाचा एक खिळाही उरणार नव्हता. तिकडे गावात तरी दगडावर नाव असेल, एवढं त्याने स्वतःला सांगून ठेवलं होतं.

शेजारच्या इस्तराहात एक सौदी कुटुंब जेवत होतं, त्यांच्या पोरांचा दंगा भिंतीवरून येत होता. गुरुनाथने हात जोडले आणि आवाज बेताचाच ठेवला.

"बाय देवी मालणाई! आज तुझी लेकरां सातासमुद्रापल्याड एका जाग्यार जमली आसत. तेंका सांभाळ, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तुझो गुरुनाथ आता कायमचो घराक येता. तेची वाट सरळ कर, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

इथवर तो पाठ म्हणत होता. पुढचं त्याने कागदावरून वाचलं, पुस्तकी भाषेत.

"तुझ्या दारी लागणाऱ्या शिलालेखातील इतिहास गाव सत्य मानतो, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"मालण ही आमच्या मूळपुरुषाची सून. परक्यांच्या जुलमाला कंटाळून ती नदी ओलांडून अल्याड आली, येथेच तिने गाव वसवले आणि पुन्हा पल्याड पाऊल ठेवले नाही, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"मालणें गाव ते हे एकच, आणि त्याची हद्द अल्याडच्या काठाला संपते, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

धाकटा भाऊ यज्ञेश, रेवाचा बाबा, होय म्हणाला, त्याची नजर शेगडीवरच्या सुरमईवर होती. त्याची बायको आसावरी कागदी ताटल्या मोजता मोजता होय म्हणाली. गुरुनाथची बायको विभावरी म्हणाली, फोनमधला अरविंद म्हणाला, रेवासुद्धा म्हणाली. लहानपणापासून जिभेला तशी सवयच लागलेली असते, "म्हाराजा" ऐकलं की "होय" आपोआप सुटतं. काय विचारलं आणि कशाला होय म्हटलं, हे कुणाच्या कानापर्यंत गेलंच नव्हतं.

"रेवा, नारळ आण," गुरुनाथ म्हणाला.

रेवा उठणार तोच आजीचा हात नारळावर येऊन बसला.

"खंयचो नारळ? होकार खंय इलो?"

"आई, सगळ्यांनी म्हटलं की. तुला कानाचं यंत्र घाल म्हणून सकाळी सांगितलं होतं."

"कान माझे बरे आसत. माका सांग, पल्याडसून कोण बोललो?"

सुरमई उलटायला घेतलेला यज्ञेशचा हात तसाच राहिला.

पल्याडसून म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं, कारण ते त्या सतरंजीवरच्या अर्ध्या माणसांनाही आठवत नव्हतं. मालण्याला गाऱ्हाणं या काठावर घालतात आणि "होय म्हाराजा" त्या काठावरून येतं. या काठावरच्यांनी गप्प राहायचं. पल्याडचं माणूस ऐकेल, पटलं तर होय म्हणेल, मग नारळ फुटेल. एका काठाने स्वतःच बोलायचं आणि स्वतःच मान डोलवायची, हे मालण्यात चालत नव्हतं.

मग करोना आला. विमानं बंद झाली, दर वर्षी गाऱ्हाण्यासाठी गावी जाणारा गुरुनाथ इकडेच अडकला. गाऱ्हाणं चुकवायचं कसं, म्हणून ते फोनवर घातलं. फोनवर कुठला अल्याड आणि कुठला पल्याड? जो तो आपापल्या खोलीतून होय म्हणाला. पुढच्या वर्षी विमानं सुरू झाली, पण फोन सोयीचा पडला. तसंच चालू राहिलं. आजी दर वर्षी गावातल्या घरात दिवा लावून बसायची आणि समजायची, गुरुनाथ फोनवरून बोलला तरी गावची पोरं नदीवर होकार घेत असतील. यंदा व्हिजिट व्हिसावर ती पहिल्यांदा इकडे आली, आणि हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"इतकी वर्षां असाच करतास?" तिने फोनकडे बघून विचारलं. "अरविंदा, तुका विचारतंय."

"काकी, ती जुनी रीत गेली आता," फोनमधून अरविंद म्हणाला. "आणि पल्याडवाल्यांना हाक कशाला मारायची? त्यांनी त्यांच्या पंचायतीसमोर फलक लावलाय, 'मूळ मालणें' म्हणून. आम्ही काय मग नकली?"

"ऐकलंस?" गुरुनाथ आईकडे वळला. "त्यांनी आपल्याला पुसलं तेव्हा कुणी ओरडलं नाही."

"तेंनी शेण खाल्ल्यानी म्हणान तू पण खातलंस?"

आसावरीला हसू फुटलं. तिने ते पदरात दाबलं, पण गुरुनाथने पाहिलं.

यज्ञेशने उलथनं खाली ठेवलं. भावाची बाजू घ्यायची त्याला घाई झाली. इथली नोकरी गुरुनाथनेच लावून दिली होती, आणि तो उपकार घरात कुणी बोलून दाखवत नसलं तरी तो सगळ्यांच्या आधी यज्ञेशच्याच लक्षात असायचा.

"आई, दादाने मेहनत घेतली आहे. जुने कागद बघितले, लोकांना विचारलं. आता शेवटच्या घटकेला कशाला?"

"कोणाक विचारल्यान? माका विचारल्यान?"

"तू सांगतेस त्या घरातल्या गोष्टी आहेत," गुरुनाथ म्हणाला. "दगडावर इतिहास लिहायचा असतो."

विभावरी इतका वेळ सतरंजीच्या टोकाला बसून मुळ्याची चटणी वाटीत काढत होती. सासूशी तिचं मागच्या गणपतीपासून चहापुरतंच बोलणं होतं. आजीने तिच्या मोदकांना सगळ्यांदेखत "पिठाचे दगड" म्हटलं होतं, ते ती विसरली नव्हती. आजी आज एकटी पडली तर पडू दे, असं तिला आत्तापर्यंत खरंच वाटत होतं. पण "घरातल्या गोष्टी" हे शब्द ऐकले आणि तिच्या हातातला चमचा वाटीवर आपटला.

"म्हणजे बायकांनी सांगितलेल्या त्या घरातल्या गोष्टी, आणि तुम्ही कागदावर उतरवलं तो इतिहास, होय ना?"

"तू मध्ये पडू नकोस, विभा."

"का नको? आईंचं माहेर पल्याडचं. हद्द अल्याडच्या काठाला संपते म्हणताय, म्हणजे ज्या बाईने तुम्हाला जन्म दिला ती परगावची झाली. आज त्यांचं माहेर पुसताय. उद्या माझं कुडाळ जड होईल तुम्हाला."

"कुडाळचा इथे काय संबंध?"

"नाहीच. म्हणून आधीच सांगून ठेवते."

आजीने सुनेकडे पाहिलं. मग ती सतरंजीवर थोडी सरकली. विभावरी उठली आणि त्या मोकळ्या जागेत जाऊन बसली.

गुरुनाथचा चेहरा लाल झाला. आई एकीकडे, बायको तिच्या शेजारी, आणि फोनमधून भाऊबंद बघतोय. तो बोलायला लागला तेव्हा शेजारच्या भिंतीचं भान त्याला राहिलं नाही.

"तुम्हाला काय कळणार? तुम्ही दोघी व्हिसावर येता आणि जाता. मी इथे आयुष्य काढलं. दर वेळी इकामा संपायला आला की साहेबाच्या दारात उभं राहायचं. कामावर ठेवणारा कफील म्हणेल खलास, त्या दिवशी खलास. गावाला गेलो की पोरं म्हणतात, आखातवाले पाहुणे आले. इथे परका, तिथे पाहुणा! मला एक जागा हवी आहे, जिथे माझी हद्द कुठली हे कुणी विचारणार नाही. ती माझी म्हणून दगडात लिहिलेली असेल. एवढं मागितलं तर माझं काय चुकलं?"

त्याचं दुःख खरं होतं. यज्ञेशने मान खाली घातली, विभावरीचेही डोळे मऊ झाले. आजीचे मात्र झाले नाहीत.

"तुका हद्दीचो जाच झालो," ती म्हणाली, "म्हणान दुसऱ्याक हद्द घातलंस?"

मग ती काठी टेकून उठली. रेवाला वाटलं आजी चिडून खोलीत चालली. पण ती फोनसमोर जाऊन उभी राहिली, आणि तिने जे सांगितलं ते सांगताना तिचा आवाज सबंध वेळ थरथरत होता. म्हातारपणाने नव्हे, संतापाने.

तिने आधी मालणीची गोष्ट सांगितली. गावाला नाव नव्हतं तेव्हाची. मालण कुठून आली हे कुणालाच माहीत नव्हतं. मीठ विकायची, आणि तिची एक होडी होती. पल्याडच्या राज्यात जुलूम वाढला की लोक काठावर येऊन हाका मारत. मालण होडी घालून त्यांना अल्याड आणी. मग अल्याडचा राजा सारा वाढवी, घरं जाळी. लोक या काठावरून हाका मारत. मालण त्यांना पल्याड नेई. तू कुठला, हे तिने कुणाला विचारलं नाही. ज्यांना तिने उतरवलं, ते उतरले तिथेच राहिले, दोन्ही काठांवर. ती मेली तेव्हा दोन्ही काठ भांडले, आमच्याकडे दहन करायचं म्हणून. शेवटी मधल्या वाळूच्या बेटावर चिता रचली. तेव्हापासून दोन्ही काठांना तिचं नाव, आणि तेव्हापासून हाक इकडून आणि होकार तिकडून.

"आणि तू लिवतंस, पुन्हा पल्याड पाऊल ठेवल्यान नाय!" आजी म्हणाली. "जल्मभर तेच्याशिवाय दुसरा काय केल्यान नाय तिणी!"

"आई, ती दंतकथा—"

"थांब. आता दंतकथा नाय सांगणंय. आता माझ्या बापाशीचा सांगतंय."

आसावरी ताटल्या मोजायची थांबली.

आजी तेव्हा रेवाएवढी होती, पल्याडच्या घरात. देश स्वतंत्र झाला होता पण पल्याडचा काठ अजून पोर्तुगीजांकडेच होता. त्या वर्षी नदी बंद झाली. होड्या काठावर ओढून पालथ्या घातल्या. पोर्तुगीज शिपायांना गाव पाखले म्हणायचं. ते बंदुका घेऊन पाण्यापर्यंत येऊन उभे राहिले. अल्याडकडे तोंड करून ओरडेल तो हेर, असा हुकूम सुटला.

गाऱ्हाण्याचा दिवस आला. अल्याडून हाक ऐकू आली, "बाय देवी मालणाई!" पल्याडच्या काठावर अख्खं गाव दारं लावून बसलं होतं. हाक पुन्हा आली. आजीचे वडील भिवा जाळं विणत होते. ते उठले. पोरांना म्हणाले, कान झाका. दार उघडून पाण्यापाशी गेले आणि त्यांनी उत्तर दिलं, "होय म्हाराजा!"

"पाखले धावत इले. बापूस हलाक नाय. तिकडसून पुढचा वाक्य इला, हेणी पुन्हा होय म्हटल्यान. बंदुकेचो दस्तो पाठीत बसलो, तरी होय म्हटल्यान. शेवटचो होकार तेंच्या हातातसून दिल्यान. दोघांनी धरून ओढत व्हेलो. आमी कान झाकले नव्हते. मी सगळा आयकलंय."

"मग?" रेवाने विचारलं.

"मग परत इलो नाय, बाय."

रेवाने ताट जवळ ओढून घेतलं.

"त्या वर्षी अल्याड नारळ फुटलो," आजी गुरुनाथला म्हणाली. "कारण होकार इल्लो. गाऱ्हाणां कोण घाली होतो, म्हायत आसा? तुझो आजो. पुढे नदी उघडली तेव्हा तो होडी घेऊन आमच्या दारात इलो. माझ्या आवशीक म्हणालो, ज्याने होकार दिल्यान तेची पोर माझ्या घरात येवक व्हयी. म्हणान मी परबांच्या घरात इलंय. म्हणान तू जल्माक इलंस. तो एक शब्द पल्याडसून इलो नसतो, तर आज गाऱ्हाणां घालूक तू खंय असतंस? आणि तू तेका परगावचो करतंस? सगळ्यांकडसून होय म्हणान घेऊन?"

यज्ञेशने हे पूर्वी ऐकलं होतं. लहानपणी, तुकड्यातुकड्यांनी, झोपताना. पण आपण आत्ता शेगडीकडे बघत बघत "होय म्हाराजा" म्हणालो, ते या गोष्टीच्या विरुद्ध म्हणालो, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. त्याने भावाकडे पाहिलं, पण या वेळी त्याची बाजू घ्यायची घाई केली नाही.

"दादा," तो चाचरत म्हणाला, "एक ओळ बदलता येईल ना? दोन्ही काठ, एवढंच तर—"

"एक ओळ नाही बदलणार," फोनमधून अरविंद कडाडला. त्याने मफलर सोडून मांडीवर ठेवला होता. "काकी, तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे. पण कमिटीचं ठरलंय. दगडावर पल्याडचा शब्द आला तर हा दगड लागणार नाही. दादा, दुसरा कुणी लिहील मग. नाव त्याचं येईल. तू ठरव. मुहूर्त टळतोय, नारळ फोड आणि यल्ला, मोकळा हो."

"यल्ला म्हणे!" विभावरी पुटपुटली. "हा कधी आला होता सौदीला?"

गुरुनाथ उभा होता तिथेच उभा होता. एका बाजूला आई. दुसऱ्या बाजूला वीतभर फोनमध्ये तो काळा दगड, आणि त्याच्या तळाशी त्याच्या नावाची जागा. डोळ्यांत पाणी होतं की चीड, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. कागदाची घडी त्याने एकदा केली, पुन्हा उलगडली.

"सगळ्यांनी होय म्हटलंय," तो शेवटी म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "म्हटलंय की नाही? मी कुणावर बंदूक रोखली नव्हती. म्हटलेलं परत घेता येत नाही, हीसुद्धा रीतच आहे. रेवा, नारळ दे."

तेवढं मात्र खरं होतं, आणि म्हणूनच सगळ्यांना ते लागलं. सगळ्यांनी म्हटलं होतं. आसावरीला आपल्याच तोंडातला तो शब्द आता कडू लागत होता. तरी तिने रेवाच्या दंडाला हात लावला. घरात आणखी भांडण नको, जेवणं व्हायची आहेत, आणि यज्ञेशला सुट्टी संपली की याच भावाबरोबर कामावर जायचं आहे.

"दे बाळा काकांना. मोठ्यांचं मोठे बघतील."

"पण मम्मा, कोकोनट फुटला की खलास ना? मग चेंज नाही करता येत?"

"रेवा, दे म्हटलं ना."

रेवा उठली. पाय खरंच झोपला होता, मुंग्या येत होत्या. तिने ताट दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि लंगडत गुरुनाथकाकाच्या दिशेने दोन पावलं टाकली. काकाने नारळ घ्यायला हात पुढे केले. आजीने मान फिरवली. तिला ते बघायचं नव्हतं.

आणि रेवा वळली.

तलावाच्या कडेकडेने ती चालू लागली. आधी सगळ्यांना वाटलं, पाय मोकळा करते आहे. ती शेगडीपाशी थांबली नाही. तलावाचं टोक आलं तिथून ती पलीकडे वळली. फरशी ओली होती.

"बेटा, संभाल के! पानी गिराया है उधर," सिराजुद्दीनने पाइप बाजूला घेत म्हटलं.

"हां अंकल."

"रेवा!" गुरुनाथ ओरडला. "कुठे चाललीस? नारळ इकडे आण!"

"काय चाललंय तिकडे?" फोनमधून अरविंद विचारत होता. "नारळ कुठे गेला? मला दिसत नाही!"

यज्ञेश तिला आणायला उठला. विभावरीने त्याच्या सदऱ्याचं टोक धरून त्याला खाली बसवलं. आसावरीने तोंडावर हात ठेवला होता, पण ती लेकीला परत बोलवत नव्हती.

रेवा तलावाच्या पल्याड पोचली. सतरंजीच्या बरोबर समोर, मध्ये सगळं निळं पाणी. तिने ताट काठावर ठेवलं. नारळाची शेंडी आजीकडे आहे ना ते पाहिलं, नव्हती, म्हणून नारळ फिरवून घेतला. मग ती ओल्या फरशीवर मांडी घालून बसली. तिथून तिला सगळे एका ओळीत दिसत होते. आई, बाबा, काकू, हातात कागद घेतलेला काका, आणि काठीवर दोन्ही हात ठेवून तिच्याकडे बघणारी आजी.

"काका," ती म्हणाली. आवाज फार मोठा नव्हता, पण पाण्यावरून तो नीट पोचला. "आता पहिल्यापासून सांगा. पल्याड मी आहे. खरं असेल तर होय म्हणेन."

तिने हात जोडले, आणि ऐकत बसली.